लोर्नाच्या कामाची टक्केवारी

लोर्ना व्हँडेहेला त्या लिफाफ्याची शिसारी यायची. पातळ कागद, कोपऱ्यात सरकारी शिक्का, खिडकीतून डोकावणारं स्वतःचं नाव. आला की ती तो ओट्यावर ठेवी आणि त्यावर पातेलं पालथं घाली, मेलेलं झुरळ झाकावं तसं. मग दोन दिवसांनी पातेलं लागायचंच.

या वेळच्या लिफाफ्यात धमकी होती, पण ती इतक्या गोड भाषेत की मळमळावं. ‘आपण काम करता हे समजून आनंद झाला. आपलं अपंगत्व वेतन चालू ठेवायचं की नाही, हे ठरवण्यासाठी पुढील माहिती पाठवावी.’

मज्जातंतूंच्या आजारानं लोर्नाची बोटं अकरा वर्षांपूर्वी बधिर झाली आणि कागद-गिरणीतली नोकरी सुटली. तेव्हापासून दरमहा सरकारी वेतन येई. त्यातून घरभाडं जाई आणि इंजेक्शनाचा तिच्या वाट्याचा खर्चही निघे. ते बंद झालं तर भावाच्या तळघरात जाऊन राहायचं, वहिनीचे सुस्कारे ऐकत. एवढी साधी गोष्ट होती.

घरी बसून भिंती खायला उठल्या, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनं गॉर्डी पेल्कीच्या खानावळीत ‘पाय’ करायचं काम धरलं, म्हणजे पारीत फळांचं सारण भरून भट्टीत भाजायचा गोड पदार्थ. विस्कॉन्सिनच्या त्या भागात शुक्रवारी तळलेला मासा खाल्ल्यावर सफरचंदाचा नाहीतर आंबट देठांच्या रुबार्बचा पाय खाल्ला नाही, तर माणूस अर्धा जेवला असं धरतात. सकाळी आठ ते एक, उंच स्टुलावर बसून लोर्ना पारी लाटी, सारण भरी, कडा दुमडी. भाजणं दुपारनंतर, ती घरी गेल्यावर.

काम करणाऱ्या आजाऱ्याला सरकार सवलत देतं, नाही असं नाही. नऊ महिने अजमावून बघायला देतात, त्यात कितीही कमवा, वेतन चालू. ते नऊ महिने सलग नसले तरी मोजले जातात, हे लोर्नाला ठाऊक नव्हतं. कधी उन्हाळ्यातले पाहुणे, कधी नाताळ, असे जादा कमाईचे सुटे सुटे ते केव्हाच संपले होते. आता कमाईनं सरकारनं आखलेली महिन्याची रेषा ओलांडली की बाई धडधाकट ठरणार. ती ओलांडली नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या हंगामात. त्या दिवसांत अख्खं गाव एकमेकांच्या कामाला लागतं. तेव्हा खानावळीतले जादा तास कोण मोजतं? लोर्नानं मोजले नाहीत. गॉर्डीनं मात्र मोजून, वर दीडपट लावून, पगारात घातले. चांगुलपणानं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी रोवेना शुल्ट नावाची बाई बसे. अशा कागदांतून लोकांना फुकट वाट काढून देणं हेच तिचं काम. लिफाफ्यातून आलेला, गॉर्डीनं भरून दिलेला तक्ता लोर्नानं तिच्यापुढे ठेवला. रोवेनानं वाचला आणि चष्मा काढला.

“हे टपालात टाकलं नाही ना अजून?”

“नाही. का?”

“‘या कर्मचारी पूर्ण पगाराइतकं काम करतात का?’ यावर तुमच्या मालकांनी लिहिलंय, ‘शंभर टक्के! हिच्यासारखी दुसरी नाही!’ खाली हसरा चेहरापण काढलाय.”

“मग? चांगलंच लिहिलंय की.”

“लोर्नाबाई, या चांगल्यानंच तुमचा घात होईल. मालक दयेपोटी कामाच्या मोलापेक्षा जास्त पगार देत असेल, तर तो जादा भाग सरकार तुमच्या कमाईतून वजा करतं. मग तुम्ही रेषेच्या आत येता.”

“म्हणजे मी कामाला कमी पडते असं लिहून घ्यायचं?”

“खोटं नको. खरंच लिहा. फक्त सगळं खरं.”

लोर्नानं तक्ता उचलून पालथा ठेवला. आजारी राहा म्हणजे पोसतो, काम करा म्हणजे पाठ थोपटतो, आणि दोन्ही केलंत तर स्वतःची लायकी किती ते मालकाकडून लिहून आणा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत.

मंगळवारी खानावळ बंद असते. गॉर्डी, वाढपी ट्रूडी आणि लोर्ना मागच्या टेबलाशी रोवेनानं दिलेला कोरा तक्ता घेऊन बसली.

“मी नाही लिहिणार,” गॉर्डी लालबुंद होऊन म्हणाला. “माझ्या माणसाची नालस्ती कागदावर? माझी आई थडग्यातून उठून कानाखाली देईल.”

“तुझी आई माझं घरभाडं देणार आहे का?” लोर्ना म्हणाली. “लिही. स्टूल दिलंस. पिठाची पोती दुसरे उचलतात. मधे तीनदा पडून राहते. हे खरंय ना?”

“खरंय.”

“मग एवढ्याचे किती टक्के धरशील? नव्वद?”

गॉर्डी पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. ट्रूडी खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, घाण झालेला बर्फ होता.

“काय झालं? दातखिळी बसली का दोघांची?”

“सांग तिला,” ट्रूडी म्हणाली. “नाहीतर मी सांगते. लोर्ना, तुझ्या कडा चिकटत नाहीत गं. तुला बोटांना कळत नाही. भट्टीत सारण उतू जायचं. तू गेलीस की मी सगळ्या परत दुमडते.”

“सगळ्या?”

“बहुतेक. निम्म्याच्या पाऱ्या गॉर्डी नव्यानं लाटतो.”

“कधीपासून?”

“तिसरं वर्ष असेल.”

तीन वर्षं गावानं तिला शुक्रवारी हाक मारून सांगितलं होतं, काय पाय केलास लोर्ना! आणि ती लाजून हात झटकत होती. तिला शरम वाटली, पण शरमेहून जास्त किळस आली. या दोघांची नव्हे. त्यांनी हे तिच्यापासून जपून ठेवलं होतं, जन्मभर ठेवलंही असतं. एका चौकोनात आकडा भरायचा म्हणून ते असं टेबलावर काढावं लागलं, माशाचं आतडं काढावं तसं.

“दे इकडे.” तिनं पेन ओढून घेतलं, आकडा बोलून दाखवला. “पंचेचाळीस. सही कर.”

“पन्नास तरी,” गॉर्डी पुटपुटला.

“बाजार मांडलायस का? सही कर.”

सात आठवड्यांनी लिफाफा आला. वेतन चालू. ‘आपल्या कामाच्या प्रयत्नांबद्दल अभिनंदन,’ अशी शेवटची ओळ होती. लोर्नानं ती वाचली, आणि घरभाड्याचा घोर सुटल्याचा आनंद व्हायच्या आधीच त्यावर पातेलं पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिनं कोट घातला नाही.

“घरी नाही जायचं?” ट्रूडीनं विचारलं.

“बाजूचं स्टूल ओढ. माझ्यादेखत दुमड. बघू दे तरी काय करतेस ते.”

ट्रूडीनं हात पुसले आणि पहिला पाय पुढे ओढला. लोर्ना बघत बसली.