आत्याच्या नळीतली चरबी

माझी आत्या पडून मेली नाही.

सकाळीच नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहून मोकळं झालंय, 'पडल्या, कंबर मोडली, गेल्या.' अरे, निदान एक फोन तरी करायचा! झोपेत गेली ती. धड हाडांनिशी.

आणि ती हाडं धड ठेवायला काय काय करावं लागलं, ते मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे वडील मेंढरं सोडून सांगलीजवळ माधवनगरला मिलमध्ये लागले होते. त्यांची थोरली बहीण, ही हिराआत्या, मात्र कळपामागेच. जतकडून निघायचं, पलूसच्या बाजूला लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, रान बदलत पुढं सरकायचं.

त्या वर्षी तिच्या पाठीत अशी कळ आली की उठवेना. तिचा मुलगा, बिरूदादा, तिला सांगलीला आमच्याकडे घेऊन आला.

एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका दबलेला.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "हाडाच्या आतला मगज तपासावा लागेल," म्हणाले. कमरेच्या हाडात सुई घातली तेव्हा आत्यानं माझा हात असा दाबला की माझ्या दोन बांगड्या फुटल्या.

रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी काढला नाही. आई चहा करायची आणि तो तसाच निवायचा. बोलायची ती एकटी आत्याच.

"बिरू, धाकली मेंढी गाभन हाय. कुनी बगतंय का न्हाई?"

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता!

मला तर तिथंच रडू फुटलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"आजी, हाडाच्या आत मूळ पेशी असतात. स्टेम सेल म्हणतात त्यांना. तरुणपणी त्यातल्या पुष्कळ पेशी हाड बांधायच्या कामाला लागतात. वय झालं की त्याच पेशी चरबी व्हायला लागतात. तुमचं तसंच झालंय. बांधणारे कमी झाले, हाड विरळ झालं आणि आत चरबी भरली. चाला, उन्हात फिरा. पण वाकून काही उचलायचं नाही. दुसरा मणका दबायला वेळ लागणार नाही."

आत्यानं यातलं एकच ऐकलं. आत चरबी भरली.

तिचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

मेंढरांमागच्या लोकांची एक रीत आहे. दुष्काळात मेंढरू मेलं की त्याच्या पायाची नळी फोडून बघायची. आत पाण्यासारखं पातळ निघालं तर ते उपाशी मेलं. पांढरी घट्ट चरबी निघाली तर खाऊनपिऊन सुखी होतं, दुसऱ्याच रोगानं गेलं.

"बिरू! माजी नळी भरल्याली हाय रं!"

"मग! लय घाबरवलं गड्या त्या मशिनीनं," बिरूदादा म्हणाला.

मी दवाखान्याच्या जिन्यातच भांडायला लागले. "अगं आत्या, ती चरबी चांगली नाही!"

"गप ए. मिलच्या चाळीत वाढल्याली तू. तुला मेंढरातलं काय कळतंय?"

डॉक्टरांनी दिलेला पाठीचा पट्टा तिनं पिशवीच्या तळाला कोंबला आणि दोघं पलूसची एसटी धरून गेलेसुद्धा.

माझ्या जिवाला घोर. रविवारी मी त्यांच्या मागोमाग पलूसला गेले.

रान बदलायचं चाललं होतं. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं. मधे पाण्याचा पाट आणि नुकतं जन्मलेलं कोकरू अलीकडे ओरडतंय. आत्या पदर खोचून त्याच्याकडे वाकत होती.

"आत्या, वाकू नको!" मी बांधावरून जी बोंब ठोकली, कुत्री भुंकायला लागली.

"सुमे? तू हिकडं कशी?" पण हात कोकराच्या पोटाखालीच.

मी धावत जाऊन तिचे दंड धरले. आता डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगून काय उपयोग? मी तिच्याच भाषेत विचारलं.

"कोकराच्या नळीत काय निघतं?"

"तांबडं. का गं?"

"आणि म्हाताऱ्या मेंढीच्या?"

"पांढरं. लोण्यागत."

"म्हाताऱ्या मेंढीचा पाय बिळात गेला तर?"

"काटकीगत मोडतू."

"आणि कोकराचा?"

"वाकतू. मोडला तरी जुळतू."

एवढं बोलली आणि थांबली. कोकराकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. हात हळूच काढून घेतले. मी धरूनच तिला सरळ केलं.

"म्हंजी मी म्हातारी मेंढी झाले व्हय गं?"

बिरूदादा आला आणि कोकरू उचलून पाटापलीकडे घेऊन गेला. ती बघत राहिली. रडली नाही, पण त्या दिवशी माझ्याशी बोललीही नाही.

त्यानंतर आत्यानं कधी काही उचललं नाही. कळप मात्र सोडला नाही हं! पट्टा बांधून, काठी घेऊन सगळ्यांत पुढं. मी भेटले की पहिला टोमणा ठरलेला, "आली बगा माजी डाक्टरीन." कोकरू हवं असलं की खाली बसायची आणि सुनेला म्हणायची, "दे गं मांडीत. माज्या हाडात लोनी झालंया."

मला खूप राग यायचा तिचा. आणि खूप माया यायची.

आज तिला बाजेवरून उचलायला चौघं पुढं झाले. बिरूदादानं त्यांना बाजूला सारलं. तोही आता म्हातारा झालाय. तो वाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, वाकू नको!"

"आईला न्हाई तर कुनाला उचलू गं?" म्हणाला. आणि एकट्यानं घेतलं तिला हातांवर. "सुमे, वजनच न्हाई गं हिला."

आत्या, जा आता. खुशाल वाक. हवी तेवढी कोकरं उचल.

मी ओरडणार नाही.