रुसलेली म्हातारी

पेट्रोलचा वास आला की मला तापीचं वाळूभरलं पात्र आठवतं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. फौजेबरोबर पुन्हा परमुलखी निघालेल्या भावाची आगगाडी नंदुरबारला जरा वेळ थांबणार होती, म्हणून आई आणि मी म्हसावदहून लिलावातल्या जुन्या लष्करी लॉरीत बसलो. तिचा ड्रायव्हर पलटणीतून आलेला. तिथल्या शिपायांसारखाच तोही तिला 'म्हातारी' म्हणायचा. नदीच्या वाळूत ती बंद पडली, तर हा तिचं बॉनेट कुरवाळत बसला. "म्हातारी रुसनी शे, ताई. गोड बोलनं पडस." "तठे मन्हा भाऊ निंघी जाई!" मी ओरडले. पोहोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. लाडवांचा डबा छातीशी धरून आई एवढंच म्हणाली, "भुक्या गया व्हई मन्हा पोऱ्या." भाऊ सुखरूप परतला, पण तोवर आई राहिली नव्हती. आजही कुणी गाडीला लाडानं हाक मारली की माझं डोकं फिरतं.