नकाशातलं पूर्वेचं दार

आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची तोंडं दक्षिणेला. मुद्दाम कुणी केलेलं नाही. उत्तरेला टेकडी, तिला पाठ लावून कुण्या काळी घरं उठली आणि रस्ता होता तिकडं दारं उघडली. दक्षिण ही यमाची दिशा, हे सगळ्यांना ठाऊक. पण यम आमच्या गल्लीत शिरायला कंटाळतो असा अनुभव आहे. माझे एक चुलत आजोबा इतके म्हातारे झाले होते की वय विचारलं की ते वडाकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "ह्याला मीच पाणी घातलंय."

तरीही दाराचा फटका बसायचा तो बसलाच. धाकट्या भावाचं लग्न जमत नव्हतं. मुलीवाले आधी नोकरी विचारत, मग शेत, मग आणखी काही. केजकडचं एक स्थळ सगळं पसंत करून बैठकीला येणार तेवढ्यात त्यांना कुणीतरी दार सांगितलं. निरोप आला, "दक्षिणेचं हाय म्हणं, ऱ्हाऊ द्या." आईनं त्या दिवसापासून पुढच्या दारातनं कामाशिवाय जाणंयेणं सोडलं. मागच्या खिडकीतनं जाता आलं असतं तर तिनं तेही केलं असतं.

अशात देशातल्या प्रत्येक दाराला नंबर द्यायचं काम निघालं, आणि घाटनांदूरहून जीपनं एक मॅडम आल्या. हातात टॅब, डोक्याला रुमाल. काम असं की घराच्या दारात उभं राहायचं, टॅबवरचं निळं वर्तुळ बारीक होईस्तोवर थांबायचं, दाराचा फोटो काढायचा आणि बटन दाबायचं. मग त्या दाराला अक्षरं-आकड्यांची एक माळ मिळते. ती मोबाईलवर टाकली की माणूस कुठूनही निघो, थेट त्याच दारात. तोवर आमचा पत्ता होता, 'पाण्याच्या टाकीपासून डावीकडं, मग जिथं कुत्रं अंगावर येतं ते घर.' कुत्रं मेलं तरी पत्ता चालूच होता. पाव्हणे टाकीपाशी कुत्र्याची वाट बघत उभे राहायचे.

मॅडमला गल्ली दाखवायला मी सोबत गेलतो. सुरुवात आमच्याच घरापासून केली, कारण आमचं घर गल्लीच्या टोकाचं, त्याच्या पूर्वेला गोठा, उकिरडा आणि शेतातनं येणारी पांदण. मॅडम दारात उभ्या राहिल्या तशी आई बाहेर आली.

"हितं उभं ऱ्हाऊ नका."

"का हो मावशी?"

"हे दक्षिणेचं हाय. आमी घरातल्या घरात सोसतो. तुमच्या मशीनमदी गेलं की पार दिल्लीपस्तोर समद्यांना कळंल."

"मग तुमचं दार कुठंय?"

"पूर्वेला."

मॅडमनं गोठ्याकडं वळून बघितलं. "पूर्वेला भिंत आहे."

"आज हाय," आई म्हणाली.

मॅडम नियमाच्या पक्क्या. दार दिसल्याशिवाय फोटो नाही. शेजाऱ्याचं बांधकाम चालू होतं, त्याची सागवानी चौकट झडपांसकट अंगणात पडलेली. चौघांनी उचलली, आमच्या पूर्वेच्या भिंतीला टेकवली, वर आंब्याचं डहाळं लावलं. आई तिच्यापुढं पदर घेऊन उभी राहिली. फोटो निघाला, बटन दाबलं गेलं आणि आमच्या उकिरड्याला देशात जागा मिळाली.

गल्लीनं हे बघितलं. मग मॅडम पुढं आणि चौकट मागं, अशी वरात निघाली. घरं सुटी सुटी, प्रत्येकाच्या पूर्वेला ज्याचा त्याचा गोठा. प्रत्येकानं चौकटीवर आपापली हौस भागवली. कुणी स्वस्तिक काढलं, कुणी खडूनं 'सुस्वागतम' लिहिलं, पुढच्यानं ते पुसलं. उचलून उचलून चौकट इतकी तिरकी झाली की शेवटच्या घरापाशी तिच्यातनं म्हैस गेली नसती. मॅडमनं मध्येच टॅब खाली घेतला.

"सगळ्यांच्या दाराला डावीकडं सारखाच ओरखडा कसा काय?"

"गावात सुतार एकच हाय," मी म्हणालो. "त्यातनं डावखुरा."

ऊन मी म्हणत होतं, जीप हॉर्न मारत होती. मॅडमनं बटन दाबलं.

नंबर मोबाईलवर आला आणि पुढच्याच महिन्यात तेलगावकडचं स्थळ. मुलीचा बाप हुशार. म्हणाला, "पत्ता सांगू नका, नंबर पाठवा. गावात इचारत आलं की स्टँडवरचेच लोक सोयरीक मोडतेत." खरं होतं ते. आमच्या स्टँडवर निव्वळ दुसऱ्यांच्या सोयरिकी मोडायला न्याहारी करून येणारी माणसं आहेत. मी नंबर पाठवला, घर पूर्वेचं म्हणून सांगितलं; दुपारच्या उन्हात दिशा कुणाला कळते! फोनवर भावाची माहितीही दिली, म्हणजे थोडी पॉलिश मारून. पुण्यात कंपनी, इथं दुधाचा उद्योग, ऑफिस, पुढं प्लांट टाकायचा विचार. विचार खरंच होता, माझा.

घर बघायला मुलीचा बाप आणि तिची आत्या येणार होते. आम्ही घराचं तोंड रंगवलं, गल्लीत सडा टाकला, पुढच्या खोलीत शेजाऱ्याचा सोफा मांडला. मावशीचा कूलर आणला. त्यात पाणी टाकलं की तो शॉक देतो म्हणून कोरडाच ठेवला. मी फेटा बांधून दारात उभा. इतका कडक बांधला होता की मला माझाच विचार ऐकू येईना. भावाला पांढरे कपडे घालून सोफ्यावर बसवलं होतं. मागं म्हैस ओरडली तसा तो उठला, म्हणाला, "आलोच," आणि गेला तो गेलाच.

मग फोन वाजला.

"आमी पोचलो," मुलीचा बाप म्हणाला.

"या की मग."

"दारातच उभे हाओत."

"आमी बी दारातच हाओत."

"मग दिसना कावून?"

"तुमच्या म्होरं काय हाय?"

"शेणाचा ढीग हाय. आन् पांढऱ्या कपड्यातला एक माणूस हाय म्हशीच्या मागं. कोपरापस्तोर आत हाय."

तेव्हा मला ती टेकवलेली चौकट आठवली. मी दारातनं गोठ्याकडं पळालो, आई माझ्या मागं. पांदणीत गाडी उभी. बापाचा एक बूट शेणात रुतलेला, मोबाईलवर बाई सांगत होती की आपण पोचलात. आत्यानं तोवर पदर खोचून म्हशीची शेपटी धरली होती. भाऊ रेडकाचे पाय चाचपत होता.

"दार कुठंय?" बापानं विचारलं.

"हीच की पूर्वेची बाजू," मी म्हणालो. "दार हायच. भिंत तेवढी आडवी आलीया."

बापानं भिंतीकडं बघितलं, मग घराला वळसा घालून पुढं जाऊन आला. आला तेव्हा आवाज खाली गेला होता. "दक्षिणेचं हाय. लपवलं तुमी."

आईनं पदर पुढं ओढला.

"अजून काय काय लपवलंय?"

मी तोंड उघडलं होतं. पण भाऊ मान न वळवता बोलायला लागला. "पुण्याची कंपनी न्हाई. बारावीला दुसऱ्यांदा बसून पास झालो. ऑफिस न्हाई, दूध मीच काढतो. सोफा शेजाऱ्याचा हाय, कूलर मावशीचा. दादानं सांगितल्यातल्या म्हशी तेवढ्या खऱ्या हायत. आक्का, शेपटी सोडा, हा पाय धरा. वढा आता."

माझी इतक्या दिवसांची मेहनत एका दमात खलास झाली.

आत्यानं ओढलं. वगार पडली, म्हणजे मादी रेडकू, काळीभोर, आणि पडल्या पडल्या उभी राहायला बघू लागली. बाप गाडीकडं निघाला होता. तेवढ्यात आत्याच्या कमरेचा मोबाईल वाजला. मुलगीच होती. आत्याचे हात भरलेले, म्हणून आईनं तो तिच्या कानाशी धरला, आणि आईच्या बोटानं स्पीकर सुरू झाला.

"आत्या, घर कसंय?"

"घर न्हाई बघितलं अजून. म्हैस व्यालीय."

"काय झालं?"

"वगार."

"वार पडली का?"

व्याल्यावर वार, म्हणजे गर्भाचं वेष्टन, पडेस्तोवर म्हशीजवळून हलायचं नसतं. हा प्रश्न फोटो बघून लग्न करणारी पोरगी विचारत नाही. बाप गाडीच्या दारात थांबला.

"न्हाई अजून," आत्या म्हणाली.

"मग जो कोण तिथं हाय त्याला म्हणावं, हलू नको. सोफ्याबिफ्यावर बसाय जाऊ नको."

"न्हाई जात," भाऊ म्हणाला.

त्या दोघांचं लग्नाआधीचं बोलणं एवढंच.

चहा गोठ्यातच झाला. पुढची खोली बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कोरडा कूलर उगाच फिरत राहिला. बापानं भिंतीवर बूट आपटून शेण झाडलं. मग आईला म्हणाला, "आक्का, आमच्या समद्या भावकीला मी हाच नंबर धाडलाय. घर पूर्वेचं हाय म्हणून सांगितलंय. लेक आमची हितूनच घरात येईल. भिंत पाडा."

"उद्याच पाडते," आई म्हणाली. उद्याची वाट तिनं बघितली नाही. पाव्हण्यांची गाडी पांदणीतनं वळली नाही तोवर तिनं पहार काढली होती.

वहिनी पूर्वेच्या नव्या दारानं माप ओलांडून घरात आली. जुन्या दाराला आईनं आतून कडी घातली आणि पुढं धान्याची कोठी सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोठी बाजूला, दक्षिणेचं दार सताड उघडं आणि वहिनी उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली.

"ते दक्षिणेचं हाय गं," आई म्हणाली.

"व्हय. पर हितून गल्ली दिसती, आत्याबाई."

आई आत गेली, दुसरा पाट घेऊन आली आणि वहिनीच्या शेजारी टेकून उरलेली जुडी सोडायला लागली.