रिकाम्या बाकाचं उत्तर

आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या शाळांनी मिळून टॅबलेटसाठी धडे तयार केले, तेव्हा आमच्या शाळेतून आवाज दिला तो चौथीच्या बाईंनी. धड्यातला प्रश्न विचारून झाला की बाई माईकसमोर गप्प व्हायच्या, रिकाम्या बाकाकडं बघायच्या आणि मग मान हलवून म्हणायच्या, "बराबर!"

रेकॉर्डिंग करणारे परभणीचे सर वैतागले. "बाई, ही मधली शांतता कापून टाकतो."

"काहून? लेकरू उत्तर देऊन राहिलंय ना तिथं!"

शांतता तशीच राहिली. बाई निवृत्त होऊन लेकीकडं गेल्या.

परवा शाळा सुटल्यावर वर्ग बंद करताना एक टॅबलेट चालूच राहिलेला दिसला. बंद करायला गेलो, तर बाईंनी विचारलं, "पूर्णेवरचं आपल्या जिल्ह्यातलं धरण कोणतं?"

वर्गात कुणीच नव्हतं. बाई थांबल्या होत्या.

"सिद्धेश्वर, बाई," मी म्हणालो.

"बराबर!"