सोबत कोण आलंय?

गिरण्यांचा संप विरून पाच-सहा वर्षं झाली असतील. परळच्या एका इस्पितळात मी भूलशास्त्र शिकत होते. त्या काळी मोतीबिंदूच्या पेशंटला आठवडाभर ठेवून घेत. आमच्याकडे खाटा अपुऱ्या, म्हणून सकाळी ऑपरेशन आणि दुपारी घरी, अशी नवी पद्धत सुरू झाली होती. माझा प्रबंध त्यावरच होता. डोळा बधिर करायचं इंजेक्शन सगळ्यांना सारखंच. पण म्हातारी माणसं टेबलावर घाबरतात, हलतात, म्हणून शिरेतून थोडं गुंगीचं औषध द्यायचं. कुणाला जुनं डायझेपाम, कुणाला नुकतंच आलेलं मिडाझोलाम. बंद पाकिटातली चिठ्ठी ते ठरवायची. ती सिस्टर उघडायच्या, मला कळायचं नाही. मी फक्त बघायचं, कोण किती लवकर भानावर येतं.

माझा शेवटचा पेशंट लालबागचा. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला म्हातारा, मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद झाल्यापासून घरी बसून एका फुलवाल्यासाठी हार ओवायचा. मी त्याला एवढंच सांगितलं, "आजोबा, इंजेक्शनने जरा झोप येईल." औषध चिठ्ठीवर ठरणार, हे सांगितलंच नाही. समजणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

ऑपरेशन छान झालं. दुपारी तपासायला गेले. कागदावरचे ठिपके पेन्सिलीने जोडायची आमची एक चाचणी होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसराही अधू; त्याला ठिपके दिसेनात. तो हसून म्हणाला, "बाये, माका दोरो दी." मी बँडेजचा धागा दिला. त्याने तो तोडला आणि गिरणीत तुटलेलं सूत जोडतात तशी गाठ एका झटक्यात मारून दाखवली. मी खूश झाले. फॉर्मवर पूर्ण गुण लिहिले. ती गाठ त्याची बोटं झोपेतही मारू शकली असती, हे मला सुचलं नाही.

"सोबत कोण आलंय?"

"सून खाली उभी हा. तिका वर सोडूक नाय."

खाली जाऊन बघायला पाच मिनिटं लागली असती. पण प्रबंधाचा शेवटचा फॉर्म हातात होता आणि मला फणसवाडीला घरी जायचं होतं. मी सही केली.

तीन दिवसांनी तो पट्टी बदलायला आला, तेव्हा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. "मोरीत घसरलंय," म्हणाला. बरोबर त्याची बायको होती. तो आत गेल्यावर मी तिला विचारलं, "सून नाही आली?"

ती म्हणाली, "आमची सून खंयची गो हय? झील गावाक गेलो, ती पण त्याच्यावांगडा गेली." मग हळूच म्हणाली, "मी मासळी विकूक जातंय. त्या दिवशी ते एकटेच इले. जिन्यावर झोप लागल्यासारखा झाला म्हणतत. तुका सांगू नको म्हणाले. डॉक्टरणीक बोलणी बसतीत."

मी सिस्टरांकडे जाऊन त्याची चिठ्ठी दाखवायला लावली. डायझेपाम. म्हाताऱ्या शरीरातून ते लवकर उतरत नाही, वरवर जागा वाटणारा माणूस तासातासाने पुन्हा पेंगतो. मी मांडत होते ते नेमकं हेच. त्याचं पडणं लिहिलं असतं तर प्रबंधाला बळच आलं असतं. पण मग सोबत कुणी नसताना त्याला सोडलं कुणी, हेही लिहावं लागलं असतं. म्हणून त्याच्या नावापुढे मी 'घरी जाताना पूर्ण भानावर, त्रास नाही' हेच राहू दिलं.

प्लॅस्टर निघालं, पण मनगट वाकडं जुळलं होतं. बोटांत सुई धरवेना. हार ओवायचं काम गेलं. मासळी विकून आल्यावर बायकोच ओवू लागली.

चष्मा मिळाला त्या दिवशी तो मुद्दाम आमच्या खोलीपर्यंत चालत आला. मला जवळ बोलावून निरखून बघितलं. "अगो, तू तर अगदीच ल्हान पोर. आवाजावरून मोठी वाटलंस."

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्याला घाई नव्हती. मी त्याला चष्मा कसा पुसायचा ते सांगितलं. तो "बरा, बरा" म्हणत डाव्या हाताने नमस्कार करून गेला. महिनाभरात प्रबंध मान्य झाला, आणि मी पेढे वाटले.