मरणाचं पत्र

माझी सून केट ऑस्ट्रेलियाची. गेल्या रविवारी आमच्या अमेरिकेतल्या, नोव्हायच्या घरी तिने तिच्या पणजोबांचा पत्र्याचा डबा उघडला आणि जुन्या कागदांचा कोंदट वास किचनभर पसरला. युद्धावरून आलेली त्यांची पत्रं, एक डायरी, आणि तळाशी त्यांच्या मृत्यूची बातमी देणारं पत्र. तेसुद्धा जपलेलं. मी हात मागे घेतला.

मी दहा वर्षांची असताना माझे काका सरहद्दीवर लढताना गेले. तार आधीच आली होती, मग त्यांच्या पलटणीतल्या साहेबांचं पत्र आलं. वडिलांनी ते अंगणात उभ्यानेच वाचलं, परत पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. "फाडून टाक. मरणाचं पत्र घरात आणायचं नाही."

मी पाकिटासकट तुकडे करून गटारात टाकले. एका तुकड्यावर निळ्या शाईत काकूचं नाव होतं, काकांच्या अक्षरात. साहेबांनी सोबत काकांनी काकूला लिहिलेलं पत्र घातलं होतं, आणि वडिलांनी पाकिटात नीट पाहिलंच नव्हतं. मी वाकेपर्यंत पाणी सगळं घेऊन गेलं. मी कुणाला काही सांगितलं नाही.

काकू म्हातारी होईपर्यंत म्हणायची, "जाण्याआधी दोन ओळी तरी लिहायच्या होत्या गं त्यांनी." मी तिचे पाय चेपत राहायचे.

डबा बंद करताना केटने विचारलं, तुमच्या काकांची आहेत का अशी पत्रं?

"नाही," मी म्हणाले. "त्यांना लिहायची सवय नव्हती."