पाठीला पाठ, चार तास

बुद्धरत्नचा दिवस पावणेपाचला सुरू होई. गजर लागत नसे. कापडे गावच्या बौद्धवाडीत जानेवारीची थंडी अशी, की अंथरुणाबाहेर पहिला पाय काढणं हेच दिवसातलं पहिलं ओझं. पाचला आंघोळ, साडेपाचला आईच्या, गीताबाईच्या, हातची भाकरी आणि वालाची उसळ डब्यात, सहाच्या आत मोटारसायकलला किक. पोलादपूर, मग महाड, मग औद्योगिक वसाहत. सातच्या पाळीला तो रंगाच्या एका कारखान्यात हजर होई. ठेकेदाराचा लोडिंगचा माणूस. वाळलेल्या रंगाचं पंचवीस किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं, गोदामात थप्पीला लावायचं, परत यायचं. पाळीत दोनशे पोती. नऊ वर्षं हेच काम. या नऊ वर्षांत त्याने एकही पोतं पाडलं नव्हतं.

त्या जानेवारीत मात्र तीनला पाळी सुटली तरी दिवस सुटत नसे. तो तसाच महाड शहरातल्या दवाखान्यात जाई. खाली बाळंतपणाचा विभाग, वर लहान मुलांचा. वरच्या मजल्यावर काचेच्या दोन पेट्यांत त्याची जुळी होती. बायको प्रियदर्शिनी हिचं ब्लडप्रेशर एकाएकी चढलं आणि आठवा महिना लागायच्या आतच पोट फाडून मुलं काढावी लागली. मुलगा तेराशे ऐंशी ग्रॅम, मुलगी अकराशे वीस. दोघं मिळून अडीच किलो. एका पोत्याचा दहावा भाग. हा हिशोब बुद्धरत्नने पहिल्याच दिवशी मनात केला आणि कोणाला सांगितला नाही. पेट्यांवर नावं नव्हती. 'प्रियदर्शिनी, बाळ एक' आणि 'प्रियदर्शिनी, बाळ दोन', एवढंच.

मुलगा तग धरून होता. घोर होता मुलीचा. ती श्वास घ्यायला विसरायची. चांगली झोपलेली असे आणि छाती हलायची थांबे. मशीन ओरडे, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारी, मग तिला आठवे. डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "सात दिवस सलग ती न थांबता श्वास घेत राहिली पाहिजे. मधे एकदा जरी थांबली तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि वरचेवर थांबायला लागली तर आपल्याकडे भागणार नाही, पनवेलला न्यावं लागेल. एवढ्या वजनाच्या बाळाला एवढा प्रवास नको. न्यावं लागणार नाही असं बघू."

"आमी काय करायचं?" बुद्धरत्नने विचारलं. नुसतं बघत राहणं त्याला जमत नसे.

त्याचं उत्तर ऋतिका सिस्टरने दिलं. ती महाडचीच, बोलायला खडखडीत. "कांगारू द्यायचं. बाळाला उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड बांधायचं. मोठ्या माणसाची ऊब लागली, त्याचा श्वास कानावर पडला की बाळाचा श्वास लयीत येतो. रोज चार तास, चार ते आठ. हलायचं नाही. बाळं दोन आहेत, म्हणजे छात्याही दोन लागतील. काढा शर्ट."

त्याने शर्ट काढला. सिस्टर बघतच राहिली. छाती पिवळी होती, गळ्यापासून बेंबीपर्यंत.

"हे काय?"

"रंग हाय सिस्टर, कारखान्याचा. अंगात मुरलाय, धुतला तरी जात नाय."

तिने ओला कापूस त्याच्या छातीवर फिरवला आणि त्याच्यासमोर धरला. कापूस पिवळा झाला होता. "कागदासारखी कातडी आहे बाळांची. हे आत जाईल. आणि उद्या बाळ पिवळं दिसलं तर मी काय समजू, कावीळ की तुमचा कारखाना?"

प्रियदर्शिनीने त्या दिवशी एकटीने मुलाला घेतलं. मुलगी पेटीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना तो नळाखाली छाती घासत उभा होता. मुकादम प्रवीण बाजूने गेला. "छातीला हळद लावून कुठं निघालास रे नवरदेवा?"

बुद्धरत्नने काय ते सांगितलं.

"एवढंच ना? हायपो मार की. आपण हाताला मारतो तसं."

हायपो म्हणजे रंग उडवायचं ब्लीचचं पाणी. कारखान्यातले सगळे पाळी सुटली की त्यात पाणी घालून तळहात बुडवत. करू नये असं भिंतीवर लिहिलं होतं. तळहातांना घट्टे पडलेले, त्यांना काही होत नसे. बुद्धरत्नला अर्धवट काम जमत नसे, तेच नडलं. त्याने पाणी न घालता घेतलं आणि काथ्याच्या ब्रशने छाती घासली. आग झाली तेव्हा त्याला वाटलं, रंग निघतोय.

रंग निघाला. चार वाजता त्याने सिस्टरसमोर मोठ्या उमेदीने शर्ट काढला. छाती लालबुंद झाली होती. दोन जागी सोलून पाणी सुटलं होतं.

ऋतिका सिस्टरने वाकून छाती पाहिली. मग म्हणाली, "या सोललेल्या कातडीवर मी बाळ ठेवू?"

"मी लय घासलं सिस्टर."

"तेच तर. कोणी सांगितलं होतं एवढं घासायला? आता दहा दिवस विसरा."

त्या दुपारी मुलगी दोनदा थांबली होती. डॉक्टरांनी पनवेलचा फोन नंबर कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. तो कागद दोघांनीही पाहिला.

प्रियदर्शिनी खाटेवर टेकून बसली होती. टाके ओले. "दोघांना माझ्यावर ठेवा," ती म्हणाली.

"ठेवता येतं," सिस्टर म्हणाली, "पण मागे रेलून बसावं लागेल. सरळ नाही, आडवंही नाही. रेलायची खुर्ची एकच आहे आणि ती दुसऱ्या आईकडे आहे. तिचं बाळ तुमच्याहून लहान."

त्यांनी उशा लावून पाहिल्या. दोन्ही हात बाळांवर, त्यामुळे स्वतःला सावरायला हात नाही. वीस मिनिटांत उशा सरकल्या, ती घसरली, टाक्यांवर ताण आला, सिस्टरने झटकन बाळं उचलली. पुन्हा लावल्या, पुन्हा सरकल्या. तिसऱ्या वेळी प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं की रागाचं तिचं तिला ठाऊक.

बुद्धरत्न दाराशी उभा होता. "सिस्टर, माझी पाठ चालंल काय?"

"म्हणजे?"

"छाती नको ना तुमाला. पाठ तर धड हाय. वर कपडा असंल."

त्याने कोपरापर्यंत हात धुतले, दवाखान्याचा हिरवा अंगरखा चढवला आणि बायकोच्या मागे, भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसला. पाय जमिनीवर रोवले, हात गुडघ्यांवर टेकले आणि पोतं घेताना वाकतात तेवढा वाकला.

"टेक गो."

ती टेकली. "अवो, जरा अजून खाली."

"आता?"

"हां. आता हलू नका."

सिस्टरने एक बाळ डावीकडे ठेवलं, एक उजवीकडे, कापड बांधलं, पायांना मशीनच्या वायरी लावल्या आणि लांबून बघितलं. "दिसतंय विचित्र," ती म्हणाली, "पण टिकेल."

चार तास एका जागी वाकून बसणं काय असतं, ते पोती उचलणाऱ्यालाच कळेल. पोतं चाळीस पावलांवर उतरतं. उतरलं की पाठ सरळ होते, माणूस श्वास घेतो, परत जातो. इथे उतरायचं नाही. पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला पोटऱ्या बोलायला लागतात. तिसऱ्याला कंबर बधिर होते, आणि ती बधिर झाली की कळत नाही आपण हललो की नाही. बुद्धरत्नने युक्ती काढली. नजर भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातल्या एका ओळीवर ठेवायची. ओळ वर गेली म्हणजे आपण खचलो. दोन दिवसांत त्याला सगळ्या लसी पाठ झाल्या.

मुलं मात्र त्याला दिसत नसत. ती पाठीमागे होती, बायकोच्या पलीकडे. त्याला फक्त मशीनचा आवाज येई आणि प्रियदर्शिनी सांगे ते कळे.

"पोरगा जांभई देतोय."

"आणि ती?"

"झोपलेय."

"श्वास?"

"चालू हाय."

पाच मिनिटं गेली. "श्वास?"

"अवो, तुमी बोललात की पाठ हलते. चालू हाय म्हटलं ना? बंद झाला तर मी सांगणार नाय का?"

तो गप्प बसला. दहा मिनिटं. मग पुन्हा विचारलं.

कारखान्यात त्याने प्रवीणला सांगून रंगाचं काम सोडलं आणि आवारातली मिठाची पोती घेतली. मिठाने अंग पिवळं होत नाही.

"दर कमी हाय तिथला," प्रवीण म्हणाला.

"चालंल."

"आणि संध्याकाळी बायकोची उशी होतोस म्हणं?"

जवळचे सगळे हसले. त्या दिवसापासून त्याला आवारात उशी म्हणू लागले. "ए उशी, इकडं लाव थप्पी." तो थप्पी लावी. दोनशेच्या दोनशे. तीनच्या आत. तीनच्या पुढे एक मिनिट तो कोणाला देत नसे.

मोजणी चालू झाली. एक. दोन. तीन. चार दिवस मुलगी थांबली नाही.

पाचव्या दिवशी साडेसहाला मशीन ओरडलं.

ऋतिका सिस्टर पलीकडच्या खोलीत एका बाळाला नळी घालत होती. तिचा आवाज आला, "आले, आले!" पण हातातलं सोडून येता येत नव्हतं.

"कोण?" बुद्धरत्नने भिंतीला विचारलं.

"ती."

पोती उचलणाऱ्यांचा एक नियम असतो. पाठीवर ओझं असताना मागून कोणी हाक मारली तरी वळायचं नाही. मान वळली की कंबर वळते, कंबर वळली की ओझं गेलं. हा नियम तो नऊ वर्षं न चुकता पाळत आला होता आणि आज त्याची मान आपोआप वळायला निघाली.

"हलू नका," प्रियदर्शिनी म्हणाली. आवाज बारीक, पण पक्का. "मी पोरावरचा हात काढतेय. तुमी हललात तर तो सरकंल."

त्याने मान जागेवर आणली. तिचा एक हात सुटल्याचं त्याला तिच्या पाठीवरून कळलं. भार उजवीकडे गेला. त्याने उजवा खांदा अर्धा इंच उचलून धरला. ती मुलीची पाठ कमरेपासून वर चोळत होती, सिस्टरने दाखवलं होतं तसं. पायापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. मशीन ओरडत होतं. तो त्याचे ठोके मोजू लागला. चार. पाच. गुडघ्यावरच्या त्याच्या बोटांची नखं पांढरी पडली. आठ. लसीकरणाच्या तक्त्यावरची ओळ जिथल्या तिथे होती. दहा. अकरा.

मग उचकीसारखा एक बारीकसा आवाज आला.

"घेतला," प्रियदर्शिनी म्हणाली.

तो तरीही वळला नाही.

सिस्टर धावत आली, मुलीचे ओठ पाहिले, पाय पाहिले, मशीनवरचे आकडे वहीत उतरवले. किती वाजता, किती सेकंद, कशाने परत आली.

"मोजणी?" बुद्धरत्नने विचारलं.

"परत एकपासून, बाबा." पहिल्यांदाच तिचा आवाज खडखडीत नव्हता. "पण एक सांगते. टिचकीशिवाय आली आज. नुसत्या हाताने."

थोड्या वेळाने प्रियदर्शिनीने विचारलं, "दुखतंय का पाठीत?"

"किती वेळ राहिला?"

"दीड तास."

"मग टेक नीट."

पुन्हा एकपासून मोजताना दिवस जास्त लांब वाटतात, कारण गेल्या खेपेला कुठवर आलो होतो ते ठाऊक असतं. पाचवा दिवस उजाडला तेव्हा दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. साडेसहा वाजून गेले तेव्हा प्रियदर्शिनीने नुसती आपली पाठ त्याच्या पाठीवर जरा दाबली.

सहाव्या दिवशी सिस्टरने त्याची छाती तपासली. नवी कातडी आली होती, फिकट, डागाशिवाय. तिने ओला कापूस फिरवला. कापूस पांढराच निघाला. रेलायची खुर्चीही त्या दिवशी मोकळी होती. तिने त्याला खुर्चीत रेलून बसवलं, मुलगी त्याच्या छातीवर ठेवली आणि कापड बांधलं. तिचं डोकं त्याच्या गळ्याखाली बसलं, लिंबाएवढी मूठ छातीवर. तिचा श्वास त्याला कातडीवर लागत होता, अगदी थोडा, ओलसर. चार तासांत त्याने एकदाही कोणाला काही विचारलं नाही.

सातवा दिवस मशीन न ओरडता गेला. डॉक्टरांनी काचेखालचा पनवेलचा कागद काढून टोपलीत टाकला.

नंतरचे पंधरा दिवस फक्त वजन वाढण्याचे होते. घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरी चूल आहे?"

"हाय."

"कुठे?"

"घरातच. आतल्या खोलीत."

"मग तिथे न्यायचं नाही. या मुलीने श्वास शिकायला एवढे दिवस घेतलेत. धुरात ठेवलीत तर पुन्हा इथेच याल."

गीताबाईला हे पटलं नाही. "तुला काय गॅसवर वाढवला मी? त्याच धुरात झालास ना एवढा?"

"आये, मी साडेतीन किलोचा होतो. तूच सांगत असतेस."

"मग माझी चूल काय रस्त्यावर मांडू?"

"मागं मांडू. पडवी काढतो."

सात तारखेला पगार झाला. मिठाच्या पोत्यांचा पहिला पगार. आठला साप्ताहिक सुट्टी होती. त्या दिवशीही तो पावणेपाचला उठला. शेजारचा कुशाबा मदतीला आला. दोघांनी घरामागे खड्डे खणले, पाइप उभे केले, वर पत्रे ठोकले. कुशाबाने एक पत्रा तिरका लावला तो बुद्धरत्नने काढून परत लावायला लावला. "कोण बघतंय?" कुशाबा म्हणाला. "पाऊस बघतो," बुद्धरत्न म्हणाला. आतल्या खोलीला मागे दार नव्हतं, नुसती चौकट होती. तिला फळ्यांचं दार बसवलं आणि फटीत चिंध्या भरल्या.

बारा तारखेला दुपारी मुलं घरी आली. गीताबाईने मागे चूल पेटवली, कुरकुरत, पण पेटवली. धूर पत्र्याखालून निघाला आणि उताराकडे गेला. बुद्धरत्न आत गेला, दार लावलं आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून वास घेतला.

"येतोय का?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"नाय."

पगार जवळजवळ सगळा संपला होता. त्यात आले होते नऊ पत्रे, चार पाइप आणि ते एक दार.